दाट धुक्यात थर्मल कॅमेरा का अडतो?

प्रश्न : आंबोली परिसरात रात्री शेतात गवे शिरतात. थर्मल कॅमेऱ्यात ते अंधारातही स्पष्ट दिसतात. मग पावसाळी धुक्यात चित्र पुसट का होते?

उत्तर : अंधार आणि धुके हे वेगवेगळे अडथळे आहेत. थर्मल कॅमेरा गव्याच्या अंगातून निघणारे साधारण ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचे अवरक्त किरण टिपतो. त्याला उजेड लागतच नाही. धुराचे कण बहुतेक १ मायक्रॉनहून लहान असतात, म्हणून त्यांतून हे किरण बरेचसे पार होतात. धुक्याचे थेंब मात्र अनेकदा ५ ते २० मायक्रॉनचे, म्हणजे तरंगलांबीच्याच मापाचे. हे थेंब किरण विखुरतात, शोषतात, आणि स्वतःही हवेच्या तापमानानुसार किरण सोडतात. त्यामुळे गवा आणि मागचे रान यांतला फरकच पुसला जातो. विरळ धुक्यात हा कॅमेरा डोळ्यांपेक्षा सरस ठरतो, दाट धुक्यात ते श्रेष्ठत्व फारसे उरत नाही. ‘कितीही धुके असो, आरपार दिसेल’ असे विक्रेता म्हणाला तर विश्वास ठेवू नका. कॅमेरा गव्यांच्या वाटेजवळ बसवा, भिंगावरचे पाणी पुसत राहा. आणि कृपा करून दाट धुक्यात एकट्याने गवे हाकलायला जाऊ नका.