स्वतंत्र खोली देतो म्हणाले, तर आधी हे विचारा

मी ट्रान्स पुरुष आहे. जन्मदाखल्यावर मुलगी लिहिलेलं, आणि मला कळतं तेव्हापासून मी मुलगा. पदव्युत्तर शिक्षणासाठी सांगली जिल्ह्यातलं गाव सोडून राज्यातल्या एका मोठ्या विद्यापीठात आलो, तेव्हा प्रवेशाची, शिष्यवृत्तीची, एसटीच्या पासाची माहिती देणारी माणसं भेटली. वसतिगृहात माझ्यासारख्याने राहायचं कुठे, हे सांगणारं मात्र कुणी भेटलं नाही. आता दरवर्षी प्रवेशाचे दिवस आले की ओळखीपाळखीतून मला फोन येतात. कधी मुलगा किंवा मुलगी स्वतः बोलते, कधी एखादी आई दबक्या आवाजात विचारते, "माझ्या लेकराचं काय करायचं हो?" त्या सगळ्यांना जे सांगतो, ते इथे लिहितो आहे.

आधी यादीबद्दल. वसतिगृहाचा ऑनलाइन अर्ज भरताना नाव, लिंग आणि प्रवर्ग प्रवेशाच्या नोंदीतून आपोआप उचलले जातात. बदल करायची सोय बहुतेक ठिकाणी नसते. मग खोलीवाटपाची यादी लागते. नोटीस बोर्डावर चिकटवायला शिपाई मामा यायच्या आत तिची पीडीएफ वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोहोचलेली असते. मी वर्गात ज्या नावाने स्वतःची ओळख करून दिली होती ते नाव वेगळं, यादीतलं वेगळं, आणि पुढे मुलींच्या वसतिगृहाचा क्रमांक. कुणाला काय सांगायचं, कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हे ठरवायचा माझा अधिकार एका कागदाने संपवला. म्हणून अर्ज भरायच्या दिवशीच वसतिगृह प्रमुखांना ईमेल करा आणि यादीत नावाऐवजी फक्त अर्ज क्रमांक छापायची विनंती करा. यात विद्यापीठाचा एक पैसाही जात नाही. तोंडी सांगू नका, ईमेलच करा. त्यावरची तारीख पुढे उपयोगी पडते.

मुलींच्या वसतिगृहात मी काही महिने काढले. सामाईक न्हाणीघरं गॅलरीच्या टोकाला होती. दारांना कडी होती, पण दारं वरून आणि खालून उघडी. गरम पाणी सहाला सुटायचं. मी त्याआधीच, अंधारात, गार पाण्याने आटपून घ्यायचो. दिवसा तिकडे जावं लागू नये म्हणून पाणी प्यायचंच कमी केलं. पुढे विद्यापीठाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग सांगितला आणि म्हणाल्या, "पाणी पीत जा रे भरपूर." पाणी का पीत नाही, हे त्यांना सांगायला मला फार वेळ लागला. ट्रान्स मुलामुलींमध्ये हा त्रास किती सर्रास आहे, हे नंतर इतरांशी बोलताना कळलं. आईवडिलांनो, तुमचं मूल वसतिगृहात पाणी टाळत असेल तर ती आळसाची सवय समजू नका.

मजल्यावरच्या मुली वाईट होत्या असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांनी मला आपणहून दादा म्हणायला सुरुवात केली होती. पण त्यांच्यातलीच एक जण एकदा म्हणाली, "दादा, राग मानू नकोस, पण तू इथे असलास की टॉवेल गुंडाळून बाहेर यायला मला लाज वाटते." तिचं बरोबर होतं. ती मला मुलगा मानत होती म्हणूनच तिला अवघडायला होत होतं. तिची अडचण आणि माझी अडचण एकाच कारणाची होती: आम्हा दोघांनाही न विचारता एका मजल्यावर टाकलं होतं. मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न पुढे करून आमची मागणी बाजूला सारली जाते तेव्हा मला हा प्रसंग सांगावासा वाटतो. कुणाच्याही इच्छेविरुद्ध कुणालाही कुणाच्या खोलीत, कुणाच्या मजल्यावर पाठवू नये, एवढंच आमचंही म्हणणं आहे.

मुलांच्या वसतिगृहात पाठवा, असं मी मागितलं नाही. तिथल्या न्हाणीघरात तर मोरीला दारंच नव्हती, आणि रात्री सीनियर खोल्यांवर येत असत. ज्यांना तिथे सुरक्षित वाटतं त्यांनी जरूर मागावं, तो त्यांचा हक्क आहे.

मग रेक्टर मॅडमनी तोडगा काढला. अतिथीगृहातली एक खोली मला दिली. "कुणाचा त्रास नाही, काही नाही. निवांत अभ्यास कर," म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या, याबद्दल मला शंका नाही. पहिल्या रात्री मी दाराला कडी लावून, घड्याळाकडे न बघता, गरम पाण्याने आंघोळ केली. ते सुख मी विसरलेलो नाही. पण माझ्यासारख्या विद्यार्थ्याला सगळ्यात आधी जी सोय देऊ केली जाते ती हीच, आणि तिच्याविषयीच मला सावध करायचं आहे.

अतिथीगृह मागच्या फाटकाजवळ, प्राध्यापकांची वसाहत ओलांडून. मेस दुसऱ्या टोकाला आणि साडेआठला बंद. ग्रंथालयातून उशिरा निघालं की जेवण चुकायचं. भाडं वसतिगृहासारखं सत्राचं नव्हतं, दिवसाच्या दराने लागायचं. सरकारी निर्वाह भत्त्यासाठी वसतिगृहाचा दाखला लागतो. माझ्याकडे अतिथीगृहाची पावती, ती कुणी घेईना. नॅकची समिती येणार म्हणून खोली रिकामी करायला सांगितलं, तेव्हा माझ्या पेट्या जिन्याखाली गेल्या आणि मी एका मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपलो, तेही चोरून. खोली माझ्या नावावर कुठेच नव्हती, त्यामुळे तक्रार तरी कशाची करणार? शिवाय त्या खोलीत विद्यार्थी म्हणून राहणारा मी एकटाच. ती खोली कुणाला आणि का दिली आहे, हे रखवालदारापासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक. यादीने जे एका दिवसात केलं, ते ही खोली रोज करत होती.

पावसाळ्याच्या अखेरीला मला डेंग्यू झाला. अंगात ताप, उठवत नव्हतं, आणि आजूबाजूच्या सगळ्या खोल्यांना कुलपं. वसतिगृहात माणूस सकाळच्या चहाला दिसला नाही तर शेजारचा दार वाजवतो. इथे दार वाजवणारं कुणी नव्हतं. मेसेजला उत्तर येत नाही म्हणून एक मित्र शोधत आला, तर अतिथीगृहात रेक्टरांच्या परवानगीशिवाय कुणाला सोडत नाहीत म्हणून रखवालदाराने त्याला फाटकावर अडवलं. त्याने आरडाओरडा केला म्हणून मला दवाखान्यात नेलं. एकट्याला वेगळं ठेवणं म्हणजे सुरक्षित ठेवणं नव्हे, हे मी तेव्हा शिकलो आणि तेव्हापासून कुणालाही एकट्याची खोली डोळे झाकून घेऊ देत नाही.

दुसरी रीत आहे आणि ती आपल्याकडे करून दाखवलेली आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, म्हणजे देवनारच्या टिसमध्ये, विद्यार्थ्यांनी मागणी लावून धरली आणि २०१८ मध्ये वसतिगृहाचा एक भाग जेंडर-न्यूट्रल झाला. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाने २०२२ मध्ये एका वसतिगृहाचा तळमजला त्यासाठी ठरवून दिला आणि शैक्षणिक इमारतीतही सर्वांसाठी स्वच्छतागृह केलं. परदेशी विद्यापीठांत तर ही व्यवस्था वीसेक वर्षांपासून आहे. अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठाने २००३ मध्येच असा मजला सुरू केला होता. माझ्या मते यातली कळीची गोष्ट ही की तो मजला फक्त 'आमच्यासारख्यांचा' राखीव कोपरा होता कामा नये. ज्याला किंवा जिला तिथे राहायची इच्छा आहे अशा कुणालाही तिथे राहता आलं पाहिजे. मग तिथे राहतो एवढ्यावरून कुणाची ओळख उघडी पडत नाही, आणि ताप आला तर दार वाजवणारं माणूस शेजारी असतं.

आमच्याकडे शेवटी जे झालं ते साधं होतं. कर्मचारी वसाहतीतलं एक रिकामं क्वार्टर रंगवून घेतलं. तीन खोल्या, प्रत्येकीला आतून कडी आणि बाहेरून कुलूप, संडास-बाथरूमची दारं जमिनीपर्यंत. अर्ज मागवले तेव्हा माझ्या वर्गातल्या दोघी, एक मित्र आणि दुसऱ्या विभागातला एक ट्रान्स विद्यार्थी आपणहून आले. सगळ्यांची हजेरी वसतिगृहाच्याच वहीत, भाडं वसतिगृहाचंच, मेसही तीच. आमच्यात भांडणं झाली ती बेसिनमधल्या भांड्यांवरून आणि पंख्याच्या वेगावरून. कुणाच्या लिंगावरून एकही झालं नाही.

म्हणून कुणी खोली देऊ केली तर आभार माना आणि मग विचारा: ही खोली वसतिगृहाच्या नोंदीत माझ्या नावावर आहे का, आणि वाटपाचं पत्र कधी मिळेल? भाडं इतरांइतकंच ना? पाहुणे आले तर रिकामी करावी लागेल का? माझे मित्रमैत्रिणी इतर विद्यार्थ्यांसारखेच भेटायला येऊ शकतील का? रात्री बरं वाटेनासं झालं तर हाकेच्या अंतरावर कोण? आणि मला जोडीदार हवा असेल, दोघांचीही तयारी असेल, तर मिळेल का? उत्तरं मिळेपर्यंत जुनी खोली सोडू नका. न्हाणीघर स्वतः जाऊन बघा. कडी लागते का, दार कुठपर्यंत आहे, दिवा चालू आहे का, हे फोनवर कुणी सांगत नाही.

ही मेहेरबानी मागत नाही आहात, हेही लक्षात असू द्या. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाल्सा खटल्यात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्या खटल्यात आपल्या ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी याही होत्या. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्क संरक्षण कायद्याचं कलम ३ शैक्षणिक संस्थांमध्ये भेदभावाला मनाई करतं आणि कलम ११ प्रत्येक संस्थेत तक्रार अधिकारी नेमायला सांगतं. तुमच्या संस्थेत तो अधिकारी कोण, हे लेखी विचारा. पुष्कळदा त्या पत्रानंतरच नेमणूक होते. ओळख प्रमाणपत्राबाबत मात्र ऐकीव माहितीवर जाऊ नका. अर्ज करायच्या दिवशी काय नियम लागू आहेत ते जिल्हाधिकारी कार्यालयातून किंवा जाणत्या वकिलाकडून समजून घ्या. आणि प्रमाणपत्र नाही म्हणून खोलीचा अर्ज थांबवू नका.

कुणी छळलं, वाळीत टाकलं, नक्कल केली, तर ती मस्करी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगविरोधी नियमांत दुरुस्ती केली आणि लिंगओळख व लैंगिक कल यांवरून होणारा त्रासही रॅगिंगमध्ये धरला. १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते. हा क्रमांक आजच फोनमध्ये ठेवा.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. वसतिगृहातून घरी फोन जातो. काळजीपोटी जातो, शिस्तीपोटी जातो, आणि त्या एका फोनने घरं मोडतात. माझ्या ओळखीतल्या एकाचं शिक्षण अशाच फोनने सुटलं. वडील दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आले आणि सामानासकट घेऊन गेले. म्हणून घरी सांगितलेलं नसेल तर अर्जासोबत एक ओळ लेखी द्या: घरच्यांशी बोलताना माझं कागदोपत्री नाव वापरावं, आणि माझ्या ओळखीविषयी मला विचारल्याशिवाय काही सांगू नये. आणीबाणीत कुणाला कळवायचं, तिथे आपल्या भरवशाच्या माणसाचा क्रमांक द्या. मावशी असेल, आतेभाऊ असेल, जुन्या शाळेतल्या बाई असतील. मी माझ्या आत्याचा दिला होता. डेंग्यूत रात्रीची एसटी पकडून तीच आली.

संस्था अगदीच दाद देत नसेल तर बाहेर खोली घ्यायचा विचार येतो. त्यात एजंट, सोसायटीचे नियम, वाढीव डिपॉझिट हे सगळं आलं. घ्यायचीच असेल तर एकट्याने घेऊ नका, आणि आत मागितलेला अर्ज मागे घेऊ नका. तो अर्ज पुढच्या वर्षी येणाऱ्याच्या कामी येतो.

रेक्टर, वसतिगृह प्रमुख आणि कुलसचिव यांना माझी हात जोडून विनंती आहे. इमारत बांधायला निधी लागेल, वेळ लागेल, ते समजू शकतो. पण यंदाचा अर्ज छापायच्या आधी त्यात एक रकाना वाढवा: 'कोणत्याही लिंगओळखीच्या सहविद्यार्थ्यांसोबत राहण्यास मी तयार आहे.' तो सगळ्या विद्यार्थ्यांसाठी ठेवा आणि कितीजण खूण करतात ते बघा. तेवढ्या खोल्या एका मजल्यावर काढणं तुमच्या हातात आहे.