गोधडी शिवा, पण गोळी सोडू नका

हल्ली दवाखान्यात एक वाक्य सारखं कानावर येतं : ‘डॉक्टर, मी छंद लावून घेतलाय, गोळ्या बंद केल्यात.’ कुणी गोधडी शिवायला घेतलेली असते, कुणी जुन्या पैठणीचे काठ, बटणं, लग्नपत्रिका असं जमवून कॅनव्हासवर चिकटवत असतं. छंदाचं मला मनापासून कौतुक आहे. वाक्याच्या पुढच्या भागाची मात्र धास्ती वाटते.

साठीच्या एक काकू मध्यंतरी आल्या. पिशवीतून सासूबाईंच्या लुगड्यांची गोधडी काढून त्यांनी टेबलावर पसरली. धावदोऱ्याच्या ओळी कडेकडून मध्याकडे येत होत्या. कडेचे टाके लांब आणि तिरके, मध्याकडचे बारीक, एकसारखे. झोप सुधारली होती, चिडचिड कमी झाली होती. बीपी मात्र १९०/११०! मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून दीड महिना गोळी बंद होती. ‘अहो, पण आता डोकं किती शांत असतं!’ त्या म्हणाल्या. डोकं शांत असतं हे खरंच होतं. पण मन शांत झालं म्हणजे बीपी उतरलं, हे गणित चूक आहे. वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवतच नाही. मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांना इजा होईपर्यंत ते गप्प राहतं.

या कामाने ताण हलका होतो, यात शंका नाही. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, रंगीत पेन आणि कोलाजचं साहित्य दिलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालं. कलेचा पूर्वानुभव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. तेव्हा ‘माझा हात कुठे चालतो?’ म्हणून मागे राहू नका. टाका वाकडा पडला तरी चालेल, कुणाला दाखवायचाही नाही. पण याच अभ्यासात बाकीच्या लोकांचं कॉर्टिसॉल कमी झालं नाही, आणि गोळ्या बंद करून पाहणं हा तर अभ्यासाचा विषयच नव्हता. व्हिडिओवाले एवढंच नेमकं गाळतात. अमुक दिवस मंडल, म्हणजे गोलाकार नक्षी, काढा आणि बीपी विसरा, असं सांगणाऱ्याला तुमचं बीपी ठाऊक नसतं, किडनीचा रिपोर्टही नाही. फी घेऊन गोळ्या सोडायला लावणारे ‘कला-उपचारक’ तर सरळसरळ तुमच्या जिवाशी खेळतात. प्रशिक्षित आर्ट थेरपिस्ट तुमची औषधं परस्पर बंद करणार नाही.

नैराश्याच्या गोळ्यांचंही तेच. त्या अचानक थांबवल्या की गरगरणं, अस्वस्थपणा, झोप उडणं असे त्रास होतात आणि आजारही उलटू शकतो. बरं वाटायला लागलंय? छानच. मग या, बसून ठरवू. कमी करायच्याच असतील तर हळूहळू करू.

शिवताना शरीराकडेही बघा. अर्ध्या तासाने उठा, मान-खांदे मोकळे करा. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येत असतील तर मनगटातली नस दबत असावी; बाम चोळत बसू नका, तपासून घ्या. मधुमेह असेल तर अंगुस्तान घालाच, कारण बोटं बधिर असतील तर सुई टोचलेली कळत नाही आणि जखम चिघळते. कोलाज चिकटवताना उग्र वासाचं सोल्यूशन बंद खोलीत वापरू नका, विशेषतः दमा असेल तर.

आता जे अंगावर काढायचं नाही ते. छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर ‘टेन्शन असेल’ म्हणून सुई-दोरा हातात घेऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं, यालाही तोच नियम. दोन आठवडे मन उदास आहे, आवडीचं कामही नकोसं झालंय, झोप आणि भूक गेली आहे, तर हा ताण नसून आजार असू शकतो. तो अंगी आला म्हणून तुम्ही कमकुवत ठरत नाही, आणि त्यावर उपचार आहेत. जीव नकोसा वाटत असेल तर आजच घरात कुणाला तरी सांगा आणि टेलि-मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. सरकारची ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

हे वाचून कुणाला आपली बंद केलेली गोळी आठवली असेल, तर उद्याच जाऊन बीपी मोजून घ्या आणि डॉक्टरांना खरं काय ते सांगा.