नकाशावरचं मैदान आणि २४ महिने

आमच्या तालुक्याच्या गावाची वाढ गेल्या काही वर्षांत सगळी बायपासच्या अंगाला झाली. जिथं उसाचे फड होते तिथं आज शेकडो घरं आहेत, दोन शाळा आहेत, पण मुलांना खेळायला जागा नाही. विकास आराखड्यात ती होती. बायपास होण्याच्या आधीच तिथं मैदानाचं आरक्षण पडलं होतं आणि त्याला लागून १२ मीटरचा रस्ता आखलेला होता. गाव कुठं वाढणार हा अंदाज बरोबर होता, तरीही मैदान गेलं आणि रस्ता निम्मा उरला. मी तिथल्या हायस्कुलात शिक्षक होतो, त्यामुळं हे सगळं जवळून पाहिलं. ज्या गावांत विकास आराखड्याचं (डी.पी.चं) काम चालू आहे किंवा नुकतीच हद्दवाढ झाली आहे, तिथल्या लोकांसाठी हे लिहितो आहे.

मैदानाची जमीन एका लहान शेतकऱ्याची होती. आरक्षण पडल्यापासून त्याला ती चांगल्या भावानं विकता येईना, बांधकामाची परवानगी मिळेना, बँकही कर्जासाठी ती जमीन तारण घेईना. मोबदला तर कुणी विचारलाच नाही. मी एकदा त्याच्याकडे मुलांच्या मैदानाचा विषय काढला, तेव्हा तो म्हणाला, ‘‘गुरुजी, मैदान गावाला पाहिजे, मग पैसं गावानं द्यायला नकोत का?’’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. आरक्षण टिकवायचं असेल तर जमीनमालकाला शत्रू समजून चालत नाही, ही गोष्ट मी सगळ्यात आधी सांगेन.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याचं कलम १२७ प्रत्येक गावकऱ्यानं माहीत करून घ्यावं. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक मालकीच्या कागदांसह खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत जमीन घेतली गेली नाही किंवा संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं आणि शेजारच्या जमिनीला जो वापर लागू आहे तोच त्या जमिनीला लागू होतो. नुसता प्रस्ताव पाठवणं म्हणजे पाऊल उचलणं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केलेलं आहे.

आमच्याकडे नेमकं तेच झालं. सूचना आली, आवक क्रमांक पडला, बऱ्याच महिन्यांनी विषय नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेपुढं आला. ठराव झाला, प्रस्ताव वर गेला, पण अंदाजपत्रकात पैशांची तरतूद नव्हती. मुदत संपली. मालकानं कायद्यानं मिळालेला हक्क वापरला आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तिथं प्लॉटचे दगड रोवले गेले. गावातल्या बहुतेकांना मैदान होतं हे ते गेल्यावर कळलं.

पैशांची अडचण खरी आहे. २०१३च्या भूसंपादन कायद्यानुसार शहरी हद्दीतल्या जमिनीला बाजारभाव आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते, म्हणजे मोबदला दुपटीवर जातो. मोठ्या शहरांत पालिका पैशांऐवजी टी.डी.आर. म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क देते आणि बिल्डर तो विकत घेतात. लहान गावात जमीन अजून स्वस्त असते, मंजूर चटई क्षेत्रसुद्धा (एफ.एस.आय.) लोक पुरतं वापरत नाहीत, तिथं टी.डी.आर.चा कागद घेणार कोण? म्हणून आराखड्यात आरक्षणं भरपूर आणि तिजोरी रिकामी, हे चित्र पाहिलं की मला काळजी वाटते. चाळीस आरक्षणं टाकून चार घेण्यापेक्षा बारा टाकून बाराही ताब्यात घेणं गावाच्या जास्त हिताचं आहे. सरकारी किंवा नगरपरिषदेच्या मालकीच्या जमिनी आधी मैदानासाठी, शाळेसाठी, दवाखान्यासाठी धराव्यात. काही आरक्षणांत समावेशक आरक्षणाची सोय असते: मालक जमिनीचा काही भाग स्वतः विकसित करतो आणि उरलेला पालिकेला देतो. मालकाशी हे बोलणं पहिल्या दोन-तीन वर्षांत व्हायला हवं, दहाव्या वर्षी नव्हे.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी ३० दिवस मिळतात, मग नियोजन समितीपुढं सुनावणी होते. आमच्या सुनावणीला मी बसलो होतो. आलेले जवळजवळ सगळे जण आपली जमीन वगळा म्हणायला आले होते, आणि त्यात गैर काहीच नाही. पण मैदान ठेवा, रस्ता ठेवा, असं म्हणायला फारसं कुणी नव्हतं. ज्यांना त्या मैदानाची गरज पडणार होती ते अजून गावात राहायला आलेले नव्हते, त्यातली कितीतरी मुलं तर जन्मालाही यायची होती. त्यांची बाजू मांडण्याचं काम आज गावात असलेल्यांचंच आहे. हरकत म्हणजे विरोधच असला पाहिजे असं नाही. ‘अमुक गटातलं आरक्षण कायम ठेवावं’ ही सूचनाही समितीला विचारात घ्यावी लागते.

त्याच्याही आधीचा टप्पा लोकांच्या लक्षातच येत नाही, तो म्हणजे विद्यमान जमीन वापर नकाशा. आराखडा त्याच्यावर उभा राहतो. उन्हाळ्यात कोरडा पडणारा ओढा, जुनी विहीर, गुरांची वाट, आठवडे बाजाराची जागा या नकाशात आली नाही तर पुढं तिला वाली राहत नाही. वाड्या-मळ्यांवरच्या जुन्या माणसांना बरोबर घेऊन तो नकाशा तपासा. पावसाळ्यात पाणी कुठून येतं आणि कुठं तुंबतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

रस्त्याचं दुखणं वेगळं आहे. मैदान निदान एका तारखेला गेलं, रस्ता मात्र गुंठ्या-गुंठ्यानं गेला. आखणीच्या आत एक-दोन गुंठ्यांचे तुकडे स्टॅम्प पेपरवर विकले गेले आणि घेणारे बहुतेक हातावर पोट असलेले लोक होते. २००१च्या गुंठेवारी कायद्याला २०२१ साली दुरुस्ती झाली, त्यामुळं ३१ डिसेंबर २०२०पर्यंतचे प्लॉट नियमित करून घेण्याची वाट निघाली. कुणाचं घर पाडावं असं मी कधीच म्हणणार नाही. पण कागद नियमित झाला म्हणून रस्त्याची रुंदी परत येत नाही आणि आगीचा बंब आत जात नाही. म्हणून आराखडा मंजूर झाला की आखणीच्या दोन्ही कडांना खांब रोवून घ्या आणि डांबराची वाट न पाहता मुरूम तरी टाकायला लावा. प्लॉट घेणाऱ्यानं सातबाऱ्यावर थांबू नये, नगरपरिषदेतून झोन दाखला आणि भाग नकाशा काढावा. दोन्हींची फी मामुली असते.

हद्दवाढ झालेल्या गावांना एक मार्ग अजून मोकळा आहे, नगररचना योजनेचा. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि मोकळ्या जागा आधी काढायच्या आणि उरलेली जमीन नीट आकाराचे अंतिम भूखंड करून मूळ मालकांना परत द्यायची. ओझं एकट्यावर पडत नाही, सगळे थोडं थोडं देतात. मुंबई इलाख्यात याचा कायदा १९१५ साली आला. पुण्यात शिवाजीनगर-एरंडवण्याच्या पत्त्यांत आजही ‘फायनल प्लॉट नंबर’ दिसतो, तो याच योजनांमुळं. प्लॉटिंग सुरू होण्याआधी ही योजना आणली तरच ती सोपी जाते.

आणि दरवर्षी, अंदाजपत्रकाच्या सभेच्या महिनाभर आधी, माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा: सगळ्या आरक्षणांची गट नंबरवार यादी, प्रत्येकाला १० वर्षं कधी पूर्ण होतात ती तारीख, आणि आलेल्या खरेदी सूचनांच्या प्रती. ज्यांची मुदत जवळ आली आहे त्यांच्यासाठी पैशांची तरतूद करा, असा अर्ज मुख्याधिकारी आणि नगराध्यक्ष या दोघांना द्या. अर्जावर दहा-वीस जणांच्या सह्या घ्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका.