डेटा सायन्सच्या आधी संख्याशास्त्र

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी तेच प्रश्न येतात. "डेटा सायन्सला स्कोप आहे ना?" "एआयचा सहा महिन्यांचा कोर्स केला तर पॅकेज किती?" विचारतात आई किंवा वडील, मुलगा किंवा मुलगी शेजारी गप्प बसलेली असते. म्हणून यंदा स्पष्टच सांगतो: गणित आणि संख्याशास्त्राचा पाया नसताना लाखो रुपये भरून डेटा सायन्सचं प्रमाणपत्र घेऊ नका.

इंजिनीअरिंग, सीए, बँकिंग यांची माहिती हवी तिथे मिळते. मला आग्रह धरायचा आहे तो बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सचा. त्यात शिकून काम काय करायचं, ते एका आकड्यातून पाहू.

दर महिन्याला पीएमआयची, म्हणजे पर्चेसिंग मॅनेजर्स इंडेक्सची, बातमी येते. एस अँड पी ग्लोबल ही कंपनी देशातल्या सुमारे 400 कारखान्यांच्या खरेदी व्यवस्थापकांना विचारते: नव्या ऑर्डरी, उत्पादन, कामगारसंख्या गेल्या महिन्यापेक्षा वाढली, तेवढीच राहिली की घटली? समजा शंभरातले 30 म्हणाले वाढली, 50 म्हणाले तेवढीच, 20 म्हणाले घटली. 30 मध्ये 50 चे निम्मे मिळवले की झाले 55. पन्नासच्या वर वाढ, खाली घट. वाढ किती जणांकडे झाली हे यातून कळतं. किती झाली हे कळत नाही. हा फरक बातमी वाचणाऱ्या बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

खरी मेख पुढे आहे. दिवाळीच्या तोंडावर ऑर्डरी वाढतातच. म्हणून दरवर्षी ठरावीक महिन्यात येणारा चढउतार वजा करून मगच आकडा जाहीर होतो. यालाच सीझनल अ‍ॅडजस्टमेंट म्हणतात. ती करणारं एक्स-13 हे अमेरिकी सेन्सस ब्युरोचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पण दिवाळी 2023 मध्ये नोव्हेंबरात आली, 2025 मध्ये ऑक्टोबरात. हे त्या सॉफ्टवेअरला माणसानंच सांगावं लागतं. टूल चालवणारे पुष्कळ आहेत, त्याला काय सांगायचं हे जाणणारे थोडे.

दुसरं उदाहरण रोजगाराचं. केंद्र सरकारच्या पीएलएफएस पाहणीचे मासिक आकडे 2025 पासून येऊ लागले. त्या वर्षी एप्रिलमध्ये बेरोजगारी 5.1 टक्के होती, मे महिन्यात 5.6. मंत्रालयानं या वाढीची कारणं दिली ती रब्बीची कापणी संपल्याची आणि उन्हाची. हे आकडे हंगामी दुरुस्ती न केलेले होते. ती नीट करायला अनेक वर्षांची मासिक मालिका लागते आणि ती आत्ता कुठे तयार होते आहे. आजचे बारावीचे विद्यार्थी पदवीधर होतील, तेव्हा हे काम त्यांची वाट पाहत असेल.

वाटाही आहेत. संख्याशास्त्र विषय घेऊन पदवी मिळवली की यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसची परीक्षा देता येते. एसएससीच्या सीजीएलमधून ज्युनिअर स्टॅटिस्टिकल ऑफिसर होता येतं. एम.एस्सी.नंतर रिझर्व्ह बँकेच्या सांख्यिकी विभागाची दारं उघडतात. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, खासगी बँका आणि संशोधन संस्था आहेत. पुण्या-मुंबईतल्या जुन्या महाविद्यालयांत हा विषय वर्षानुवर्षं शिकवला जातो. तिथलं शुल्क डेटा सायन्सच्या चकचकीत कोर्सच्या तुलनेत किरकोळ असतं.

आता पालकांशी दोन शब्द. शेजारच्याच्या मुलाचं पॅकेज हा तुमच्या मुलीचा अभ्यासक्रम ठरवण्याचा निकष नाही. तिला गणित आवडत नसेल तर संख्याशास्त्रही लादू नका. माझा हा लेख दाखवून तर मुळीच नाही. आवडत असेल, तर "नुसतं बी.एस्सी. करून काय होणार?" हे वाक्य घरात उच्चारणं बंद करा. कर्ज काढून घेतलेल्या प्रमाणपत्राचं ओझं पुढे मुलांनाच वाहावं लागतं.

आणि विद्यार्थ्यांनो, प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी एक करा. पीएलएफएसचं मासिक पत्रक सरकारी संकेतस्थळावर मोफत असतं. ते उघडा, बारा महिन्यांचे आकडे कागदावर मांडा आणि चढउतारांची कारणं शोधा. त्यात तासभर रमलात, तर बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सचा अर्ज निर्धास्तपणे भरा.