आलेखातील रेषेला नाव हवे

बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने वजनाचा आलेख म्हणजे बालकाचे चरित्रच होय. मात्र त्या चरित्रावर नाव नसेल तर काय घडते, हे माझ्याच एका चुकीवरून सांगतो.

कोसाड येथील एका खानदेशी कुटुंबातील जुळ्या मुलग्यांची वजने मी संगणकावर नोंदवीत असे. थोरल्याची रेषा तांबडी, धाकट्याची निळी. रंगांचा खुलासा कोपऱ्यातील चौकटीत. पुढील तपासणीसाठी पाठविताना मी त्या आलेखाची झेरॉक्स प्रत जोडली. प्रतीत दोन्ही रेषा काळ्या झाल्या आणि तपासण्या लिहिल्या गेल्या त्या धष्टपुष्ट भावाच्या! "डॉक्टरसाहेब, दूध टाकतो तो हा नव्हे, दुसरा," असे आईने वेळीच सांगितले म्हणून निभावले. दोष सर्वस्वी माझा होता.

धाकट्याचे वजन सहाव्या महिन्यात ६.८ किलो होते, नवव्यात ६.९. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार मुलग्यांची उणे दोन प्रमाण-विचलनाची रेषा सहाव्या महिन्यात ६.४ वर, तर नवव्यात ७.१ वर असते. म्हणजे तीन महिन्यांत हे बाळ त्या रेषेच्या वरून खाली उतरले होते. त्याच मानक-आलेखांत प्रत्येक रेषेच्या उजव्या टोकाशी तिचा अंक छापलेला असतो. आपणही तेच करावे.

ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी निर्माण केलेली 'आर' ही सांख्यिकीची संगणकभाषा विनामूल्य मिळते. तिच्यात 'प्लॉट' या आज्ञेने आलेख काढावा, 'लाइन्स'ने दुसरी रेषा जोडावी आणि मग 'टेक्स्ट' ही आज्ञा द्यावी. (आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टंकित कराव्या लागतात.) 'टेक्स्ट'ला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: आडव्या अक्षावरील स्थान, उभ्या अक्षावरील स्थान आणि लिहावयाचा मजकूर. आपल्या उदाहरणात ९, ६.९ आणि 'धाकटा'.

एवढ्याने अक्षरे नेमकी बिंदूवरच बसतात व बिंदू झाकला जातो. म्हणून 'पॉस' हा चौथा तपशील द्यावा: १ म्हणजे खाली, २ डावीकडे, ३ वर व ४ उजवीकडे. रेषेच्या टोकासाठी ४ योग्य. अक्षरांचा आकार 'सीईएक्स'ने ठरतो, ०.८ दिल्यास तो नेहमीच्या ऐंशी टक्के होतो. नाव कडेला कापले जात असेल, तर 'एक्सलिम'ने आडवा अक्ष दहाव्या महिन्यापर्यंत वाढवावा. अनेक बालकांची नावे एकमेकांवर चढत असतील, तर 'जीजीप्लॉट २' सोबत वापरावयाचे 'जीजीरिपेल' हे साधन ती आपोआप दूर सारते.

येथे एक धोका ध्यानी घ्यावा. नावांची यादी वेगळी टंकित करू नये. वजने चढत्या क्रमाने लावली आणि नावे मूळ क्रमातच राहिली, तर संगणक निमूटपणे एकाचे नाव दुसऱ्याच्या बिंदूला चिकटवितो. चुकीची सूचनाही देत नाही. नाव आणि वजन एकाच तक्त्याच्या एकाच ओळीत ठेवावे आणि 'टेक्स्ट'ला नावे त्या तक्त्यातूनच पुरवावीत.

मराठी वा गुजराती नावे पीडीएफमध्ये उतरविताना साध्या 'पीडीएफ' आज्ञेऐवजी 'कैरो पीडीएफ' वापरावी व संगणकावरील योग्य टंक निवडावा. जोडाक्षरे तुटली नाहीत ना, हेही पाहावे. शेवटी आलेखाची एक काळी-पांढरी प्रत काढून पाहावी. तिच्यावर कोणती रेषा कोणाची हे कोणालाही न विचारता कळले, तरच तो आलेख रुग्णासोबत पाठवावा.

त्या जुळ्यांच्या पुढील आलेखावर मी दोन्ही नावे मराठीत लिहिली. आईने कागद हातात घेतला, धाकट्याच्या नावावर बोट ठेवले आणि तेथून रेषेवर मागे मागे नेत विचारले, "हा इथं का थांबला?" निदानाची सुरुवात त्याच प्रश्नापासून झाली.