शून्य गुण म्हणजे गैरहजर नव्हे!

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, मुलांना पायथॉन शिकवताय? मग ही गंमत आधी स्वतः करून बघा.

चाचणीचे गुण दाखवणारा छोटा प्रोग्राम मी लिहिला. अट साधीच, 'इफ गुण'. म्हणजे गुण असतील तर दाखव, नाहीतर 'गैरहजर' लिही. झालं काय, पूर्ण पेपर लिहून शून्य मिळालेलं पोर गैरहजर ठरलं! त्याला हवी होती उजळणी आणि माझ्या यादीत ते फेरचाचणीला बसलं. संगणक बरोबरच होता, अट माझी ढिसाळ.

पायथॉनमध्ये ट्रू म्हणजे खरं, फॉल्स म्हणजे खोटं. पण अटीत दुसरं काहीही दिलं तरी तो त्याला खरं किंवा खोटं ठरवतोच. 0, रिकामी स्ट्रिंग, रिकामी यादी आणि नन (म्हणजे काही भरलंच नाही) हे सगळं खोटं. अवतरणचिन्हातला "0" मात्र खरा, कारण ती स्ट्रिंग रिकामी नाही. मुलं इथे हमखास अडखळतात, आपणही! रूबी भाषेत तर साधा 0 सुद्धा खरा. तिथे खोटे फक्त फॉल्स आणि निल.

म्हणून गैरहजर मुलापुढे नन ठेवा आणि अट स्पष्ट लिहा: 'इफ गुण इज नन', तरच गैरहजर.