दारू सोडायचं ठरलंय, आता घाई करा

प्रश्न : माझं वय ४४. कंपनीच्या वार्षिक तपासणीत एसजीओटी १४२, एसजीपीटी ६१ आणि जीजीटी ३१० आलं. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड २’ लिहिलं आहे. बऱ्याच वर्षांपासून रोज रात्री दोन-तीन पेग होतात, शनिवारी जास्त. कुठे दुखत नाही, कामावर खाडा नाही. रिपोर्ट पाहिल्यापासून मात्र झोप उडाली आहे. घरी सांगितलेलं नाही. दारू सोडायचं ठरवलंय. एकदम सोडू की हळूहळू? लिव्हर परत पहिल्यासारखं होईल का?

(या आशयाची पत्रं बरीच येतात. ती एकत्र करून हा प्रश्न घेतला आहे.)

उत्तर : तुमचा निर्णय बरोबर आहे आणि वेळेत झाला आहे. पण एक गोष्ट आधीच सांगते. रिपोर्टची भीती फार दिवस टिकत नाही. दोन-तीन आठवडे जातात, तब्येत ठणठणीत वाटते, कुणीतरी म्हणतं, ‘फॅटी लिव्हर काय, आजकाल सगळ्यांनाच असतं,’ आणि निर्णय सैल पडतो. म्हणून भीती ताजी आहे तोवरच पुढची सगळी व्यवस्था लावून टाका. भीती गेल्यावर ही व्यवस्थाच तुम्हाला धरून ठेवेल.

रिपोर्ट काय सांगतो?

एसजीओटी आणि एसजीपीटी ही पेशींच्या आतली एन्झाइम. यकृताच्या पेशींना इजा झाली की ती रक्तात उतरतात. साधारण ४० पर्यंतचा आकडा ठीक मानतात. हे आकडे वजन, विषाणू किंवा औषधांमुळेही वाढतात. पण एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असेल आणि जोडीला जीजीटीही चढलेलं असेल, तर कारण बहुधा दारूच असते. तुमच्या रिपोर्टमध्ये नेमकं हेच चित्र आहे.

दुखत नाही यावर विसंबू नका. यकृताच्या आतल्या भागात वेदना जाणवतच नाही, त्यामुळे ते वर्षानुवर्षं तक्रार न करता झिजतं. आधी चरबी साठते, मग दाह होतो, मग व्रण पडतात आणि शेवटी यकृत आक्रसून घट्ट होतं. त्याला आपण सिरॉसिस म्हणतो. नुसत्या चरबीच्या टप्प्यावर दारू पूर्ण थांबली, तर बहुतेकांची चरबी काही आठवड्यांत उतरू लागते. व्रणही काही प्रमाणात भरून येतात. सिरॉसिस मात्र सहसा मागे फिरत नाही, तरी त्या टप्प्यावरही दारू सोडणाऱ्याचं आयुष्य वाढतं. उशीर झाला म्हणून सोडण्यात अर्थ नाही, अशी वेळ कुणावरच येत नाही.

तुम्ही कुठल्या टप्प्यावर आहात, हे या तीन आकड्यांवरून कळत नाही. सिरॉसिस झालेल्या माणसाचे एन्झाइम जवळपास नॉर्मलही येऊ शकतात. त्यासाठी बिलिरुबिन, अल्ब्युमिन, पीटी-आयएनआर, प्लेटलेट, हिपॅटायटिस बी आणि सीच्या तपासण्या आणि शक्य असेल तर फायब्रोस्कॅन करून घ्या. साखर आणि रक्तदाबही पाहा. वाढलेलं वजन किंवा मधुमेह सोबत असेल, तर यकृतावरचा भार आणखी वाढतो.

किती पिता, याचा खरा हिशेब

डॉक्टरांना ‘दोन-तीन पेग’ एवढंच सांगू नका. लहान पेग ३० मिलीचा, मोठा ६० मिलीचा. घरी ओतलेला पेग कुणी मोजत नाही. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या किंवा रमच्या ३० मिलीत साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांनीही ऐकावं : ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅम असतं, म्हणजे दोन मोठे पेग. महागडी बाटली असो की देशी, यकृताला हे ग्रॅमच कळतात. स्त्रियांच्या यकृताला पुरुषांपेक्षा कमी प्रमाणातही इजा होते.

एकदम की हळूहळू?

ध्येय एकच ठेवा : पूर्ण बंद. ‘फक्त शनिवारी’ किंवा ‘फक्त लग्नकार्यात’ हे यकृताला इजा झालेल्या माणसासाठी नाही. तसंही आरोग्याच्या दृष्टीने दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्तन यांच्या कर्करोगांशी दारूचा संबंध सिद्ध झालेला आहे.

सोडायची रीत मात्र माणसागणिक बदलते. सकाळी हात थरथरतात का? उठल्याउठल्या एक घोट घेतल्याशिवाय चैन पडत नाही का? पूर्वी कधी दारू थांबवल्यावर फिट आली होती, भास झाले होते का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, किंवा रोज क्वार्टर आणि त्याहून जास्त होत असेल, तर घरच्या घरी एका झटक्यात दारू थांबवू नका. रोजच्या दारूला सरावलेला मेंदू ती अचानक बंद झाल्यावर उसळतो. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ आणि बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो, ताप येतो, माणसं ओळखू येत नाहीत. यात जीव जाऊ शकतो. योग्य औषधं आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं वेळेत मिळाली, तर हेच दिवस सुखरूप पार पडतात. गरजेप्रमाणे चार-सहा दिवस दवाखान्यात राहावं लागेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

वरची लक्षणं नसतील, तर डॉक्टरांना सांगून, घरच्यांच्या नजरेसमोर एका दिवसात थांबता येतं. जे दरवर्षी श्रावण पाळतात आणि त्यात त्यांना काही त्रास होत नाही, ते बहुधा या गटात येतात. पण श्रावण पाळता येतो म्हणून दारू आपल्या ताब्यात आहे, असं समजू नका. श्रावण कधी संपणार हे आधीच ठाऊक असतं. गटारीला आणि श्रावणानंतर मिळून सगळी कसर भरून निघते, आणि महिनाभरात सावरलेलं यकृत पुन्हा तिथेच येतं.

संध्याकाळी साडेसात ते दहा

दारू सोडल्यावर दिवस जातो, संध्याकाळ जात नाही. म्हणून संध्याकाळची आखणी आधीच करा. घरातल्या बाटल्या आजच काढून टाका, पाहुण्यांसाठीही ठेवू नका. ऑफिसातून निघण्याआधी पोटभर खा, कारण भुकेल्या पोटी तलफ जोरात येते. जेवण साडेसात-आठलाच उरका. ज्या मित्रांबरोबर फक्त ‘बसणं’ होतं, त्यांना काही महिने सकाळी भेटा. तलफ आली की अर्धा तास टाळा : चालायला जा, अंघोळ करा, कुणाला तरी फोन करा. बहुतेक वेळा तेवढ्यात ती ओसरते. पहिले काही आठवडे झोप नीट लागणार नाही, चिडचिड होईल, गोड खावंसं वाटेल. हे सगळं अपेक्षित आहे आणि कमी होत जातं.

आग्रह करणाऱ्यांसाठी एकच वाक्य तयार ठेवा : ‘लिव्हर खराब झालंय, डॉक्टरांनी बंद केलीय.’ वारकरी माळ घालून दारू सोडलेली माणसं आपल्या गावोगावी आहेत. माळ दिसली की आग्रह थांबतो. तुमचा नकारही चारचौघांना माहीत झाला पाहिजे. लपवलेला निर्णय मोडणं फार सोपं असतं.

आजच घरी सांगा

रिपोर्ट पत्नीला दाखवा. तिला बहुधा तुमच्याइतकीच काळजी आहे, फक्त कारणाचा कागद तिने पाहिलेला नाही. घरच्यांना माझी विनंती : मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावू नका. शपथ मोडली की अपराधीपणा येतो आणि तो बुडवायला पुन्हा बाटली उघडते. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींची पावडर जेवणात मिसळू नका. त्यात डायसल्फिराम असेल आणि त्यावर माणूस प्यायला, तर उलट्या, धडधड आणि रक्तदाब कोसळणं जिवावर बेतू शकतं. तलफ कमी करणारी औषधं आहेत, पण ती यकृत आणि मूत्रपिंड पाहून, रुग्णाला सांगूनच दिली जातात.

लिव्हर टॉनिक, काढे किंवा काविळीची माळ यांनी दारूची भरपाई होत नाही. अनोळखी काढ्यांनी यकृताला आणखी इजा होऊ शकते. पॅरासिटॅमॉलसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्या.

एकट्याने जमत नसेल, तर मदत जवळ आहे. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा अनेक शहरांत मराठीतून होतात आणि त्यांना पैसे पडत नाहीत. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं.

डोळे पिवळे होणं, पोट फुगणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी किंवा असंबद्ध बोलणं यांपैकी काहीही दिसलं, तर थेट इस्पितळ गाठा.

आकडे उतरल्यावर

चार ते सहा आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासा. एसजीओटी आणि जीजीटी बरंच उतरलेलं दिसेल. याच वळणावर माझे सगळ्यात जास्त रुग्ण घसरतात, कारण चांगला रिपोर्ट त्यांना परवानगी वाटतो. पण तो तुम्ही दारू थांबवल्याचा परिणाम आहे. ती सुरू केलीत की आकडेही परत येतील. मधे एखादा दिवस पाय घसरला, तर ‘आता सगळं गेलंच’ म्हणून सोडून देऊ नका. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि पुन्हा थांबा. कितीतरी जण दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात कायमचे सुटले आहेत.

तेव्हा आज रात्री घरी सांगा, उद्या सकाळी डॉक्टरांची वेळ घ्या आणि सहा आठवड्यांनंतरच्या रक्ततपासणीची तारीख कॅलेंडरवर सगळ्यांना दिसेल अशी लिहा.